नाशिकात लोकल ट्रकवर ड्रायव्हर व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न विचारणाऱ्याची माहिती थोडक्यात अशी. वय 22, गाव दिंडोरी तालुक्यात, सध्या अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम. कारचं पक्कं लायसन्स काढून आठ महिने झालेत. घरी आईवडील आणि थोडी द्राक्षबाग आहे, त्यामुळे रात्री घरी परतायचंच. लांबची लाईन नको, लोकलच हवी. एजंट म्हणतो पंधरा दिवसांत हेवी लायसन्स देतो. वडील म्हणतात दुसऱ्याची गाडी हाकण्यापेक्षा कर्ज काढून पिकअप घेऊ. यातलं काय करू?

वयाने तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. मी बरीच वर्षं सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा माल आणि हंगामात कांदा, टोमॅटो वाहिला. आता स्वतःच्या काही गाड्या आहेत आणि त्यांच्यावर ड्रायव्हर ठेवायचं कामही मीच बघतो. तेव्हा स्टिअरिंगमागून काय दिसतं आणि मालकाच्या खुर्चीतून काय दिसतं, दोन्ही सांगू शकतो.

तू लायसन्स आणि गाडीबद्दल विचारलंस. मला विचारशील तर त्याआधीचा प्रश्न आहे तो मालाचा. कुणाचा माल, किती वाजता भरायचा, कुठल्या गेटवर उतरवायचा. लोकल म्हणजे रोज रात्री घरी, असं धरून चालू नकोस. टोमॅटोच्या हंगामात लोकल ड्रायव्हर मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो. कंपनीच्या मालावरचा ड्रायव्हर सकाळी दहाला गेटवर लागून संध्याकाळी सहाला आत जातो. शिवाय आमच्यातले काही मालक भिवंडीलाही लोकलच म्हणतात, कारण गाडी रात्री परत येते. ड्रायव्हरची रात्र मात्र कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जाते. म्हणून कामाला लागताना पहिला प्रश्न हाच विचार: तुमच्याकडे लोकल म्हणजे कुठपर्यंत?

आता लायसन्स. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वय 20 पूर्ण लागतं, ते तुझं झालंय. ट्रान्सपोर्ट वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळायला मात्र हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं असावं लागतं. तुला आठच महिने झालेत. म्हणजे अजून चार महिने हेवीचं शिकाऊसुद्धा निघत नाही, आणि शिकाऊ निघाल्यावर किमान 30 दिवसांनी परीक्षा. पंधरा दिवसांचं गणित यात बसतच नाही. एजंट एकतर तुझे पैसे खाणार, नाहीतर कुठल्यातरी लांबच्या ऑफिसातून खोट्या तारखांचा कागद आणून देणार. असला कागद नाकाबंदीत खपूनही जातो. तो उघडा पडतो अपघातानंतर, विमा कंपनीचा माणूस लायसन्स देणाऱ्या ऑफिसात जाऊन खातरजमा करतो तेव्हा. मग भरपाई मालकाच्या डोक्यावर आणि पोलीस केस तुझ्या. मी तरी नवा ड्रायव्हर ठेवताना लायसन्सचा नंबर आधी परिवहनच्या साईटवर टाकून बघतो, मगच चहा विचारतो.

हे चार महिने हात बांधून बसायची गरज नाही, आणि हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. गाडी आणि माल मिळून एकूण वजन 7500 किलोच्या आत असेल, तर ती मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तसा निकाल दिला होता. विमा कंपन्यांनी त्यावर पुन्हा वाद घातला आणि 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तोच निकाल कायम केला. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, चारशेसात (टाटा 407) या सगळ्या त्यात बसतात. आयशरमध्ये काही मॉडेलं आत आहेत, काही बाहेर. बॉडीकडे बघून अंदाज बांधू नकोस, आरसीवर लिहिलेलं भरलेल्या गाडीचं वजन बघ. एक मात्र आहे, काही कंपन्यांच्या गेटवर अजूनही ट्रान्सपोर्टची नोंद मागतात. तिथे सुरक्षारक्षकाला घटनापीठ समजावून काही होत नाही. ज्या गेटवर गाडी लावायची तिथे आधी विचारून घे.

हेवीची वेळ आली की मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म पाच प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा फॉर्म एक-अ लागतो. परीक्षा पेठ रोडच्या आरटीओत. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षांसाठी मिळतं, प्रत्येक नूतनीकरणाला पुन्हा वैद्यकीय तपासणी. स्कूल निवडताना फी नंतर विचार, आधी त्यांची शिकवायची गाडी बघ. कुठे कुठे नावाला एक जुना ट्रक उभा असतो आणि मैदानात दोन चकरा मारल्या की प्रमाणपत्र हातात. भरलेल्या गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीवर कधीच कळत नाही, आणि शाळेत भरलेली गाडी कुणी देत नाही. म्हणून हेवीचं शिकाऊ लायसन्स निघालं की एखाद्या जुन्या ड्रायव्हरसोबत क्लीनर म्हणून काही महिने फिर. पैसे कमी मिळतील. पण ताडपत्री कशी ओढायची, कोणत्या कंपनीत कुठल्या गेटने आत जायचं, वजनकाट्यावर कधी गर्दी असते, हे त्या सीटवर बसूनच कळतं.

आता मालाकडे येतो. नाशिकात लोकलचे ढोबळ चार-पाच धंदे आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पहिला एमआयडीसीचा. सातपूर, अंबड, सिन्नरचं मुसळगाव-माळेगाव, गोंदे-वाडीवऱ्हे. छोट्या युनिटमधून मोठ्या कारखान्यात सुटे भाग पोचवायचे, रिकाम्या बिन (भाग ठेवायचे डबे) परत आणायच्या. अंतर कधी पाच किलोमीटर, कधी पस्तीस. हे काम बारमाही आहे, रस्ता ओळखीचा, आणि तू अंबडमध्येच असल्यामुळे तुझी ओळखही तिथेच. पण मोठे कारखाने माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तसा मागवतात. तुझी गाडी अंबडच्या एक्स्लो पॉइंटच्या गर्दीत अडकली आणि तिकडे लाईन थांबली, तर पुरवठादाराला दंड बसतो आणि तो तुझ्या मालकाचं डोकं खातो. म्हणून या कामात वेगापेक्षा वेळेची शिस्त लागते. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर दहा मिनिटं आधी फोन. माझ्याकडे टिकलेले ड्रायव्हर बघितले तर सगळे असे फोन करणारे आहेत.

दुसरा बाजार समितीचा. कांदा लासलगाव-पिंपळगावकडे, टोमॅटो पिंपळगाव आणि गिरणाऱ्याकडे, भाजीपाला पंचवटीत. पैसा इथे हंगामात जास्त दिसतो आणि झोप कमी. टोमॅटो साधारण ऑगस्टपासून दिवाळीच्या आगेमागे, लाल कांदा थंडीत, उन्हाळ कांदा एप्रिलपासून, द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. मधले काही आठवडे गाडी उभी. वर सरकारचा एक कागद आला की सगळं चित्र बदलतं. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली ती 4 मे 2024 ला उघडली. त्या काळात फक्त न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरवर ज्यांनी संसार उभा केला होता, त्यांना दुसरं भाडं शोधत फिरावं लागलं. एकाच पिकाच्या जिवावर ड्रायव्हरने राहू नये, हे मी शेतकऱ्याच्या पोराला काय सांगणार, तुला माहीतच आहे.

या मालाची स्वतःची खोड असते. कांद्यावर ताडपत्री घट्ट बांधून उन्हात गाडी उभी केलीस तर माल तापतो आणि सडायला लागतो, हवा खेळती ठेवावी लागते. पाऊस आला तर उलट धावपळ. द्राक्षाच्या क्रेटला खड्डा चालत नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा रेफर कंटेनर असेल तर गाडी उभी असली तरी थंडाव्याचं मशीन चालूच राहायला हवं. डिझेल वाचवायला ते कुणी बंद केलं तर तापमानाची नोंद मशीनमध्येच राहते, लपत नाही.

तिसरा बांधकामाचा. सारूळकडून खडी, क्रश सँड, सिमेंट, जालन्याहून आलेल्या सळयांचं शहरातलं वाटप. सिंहस्थ 2027 मुळे शहरात आणि आजूबाजूला कामं जोरात आहेत, त्यामुळे डंपरला सध्या ड्रायव्हर मिळत नाहीत. पैसे बरे. पण ट्रिपवर पैसे असले की प्रत्येकाला एक ट्रिप जास्त मारायची असते, आणि त्या घाईत डंपरवाला रस्त्यावर सगळ्यांचा शत्रू होतो. पहिल्या वर्षी मी तुला हे सुचवणार नाही. सिंहस्थ जसा जवळ येईल तशी जड वाहनांवरची बंदी आणि वळवलेले रस्ते वाढत जातील, हेही धर.

चौथा गोदामातून दुकानांत किंवा घरोघर माल वाटायचा. गाडी छोटी, थांबे खूप, जिने खूप. सुरुवातीला गल्लीबोळात गाडी वळवायला शिकण्यासाठी वाईट नाही. आणि पाचवा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून पेट्रोल-डिझेलचे टँकर. त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, ती 3 वर्षांनी नव्याने करावी लागते. हेवीवर हात बसल्यावर हा मार्ग चांगला आहे, कारण तिथे नियम पाळले जातात आणि ओव्हरलोडचा प्रश्नच येत नाही. पण ते पुढचं.

तुझ्या परिस्थितीत माझं मत सरळ आहे. पहिलं वर्ष एमआयडीसीच्या मालावर, दुसऱ्याच्या पिकअपवर किंवा चारशेसातवर काढ. घर दिंडोरी तालुक्यात असल्याने जाणंयेणं जड जाईल, हे खरंय. दिंडोरीकडच्या एमआयडीसीतल्या युनिटचा माल अंबडला येतो का तेही चौकशी कर, म्हणजे गाडी घराजवळ लागेल. आईवडिलांची तब्येत ठीक असेल तर आठवड्यातले दोन-तीन दिवस उशीर चालेल. तसं नसेल तर ठरावीक पाळीचंच काम घे, पैसे थोडे कमी असले तरी.

आता गाडी चालवण्याच्या बाहेरचं काम, कारण लोकलमध्ये अर्धी नोकरी तीच. कागद. माल भरला की चलन किंवा बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल नेल्याची पावती) आणि लागू असेल तर ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाईन कागद) हातात आल्याशिवाय गेट सोडायचं नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाख रुपयांच्या वरच्या करपात्र मालाला ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जाताना 50 हजारांच्या वर. ताजा भाजीपाला, कांदा यांना लागत नाही. बिलावरचा गाडी नंबर आणि तुझ्या गाडीचा नंबर एकच आहे ना, ते स्वतः वाच. पिकअप बंद पडली आणि मालकाने दुसरी पाठवली, तर माल हलवण्याआधी नंबर बदलून घ्यायला लाव. रस्त्यात अडवलं की कारकून ऑफिसात असतो, गाडीसोबत उभा राहतो तो ड्रायव्हर.

माल उतरवल्यावर पोच. शिक्का, सही, तारीख, वेळ, आणि नग कमी किंवा फुटका असेल तर त्याची नोंद तिथेच, समोरच्याच्या सहीनिशी. पोचेचा फोटो काढून मालकाला लगेच पाठव. पोच हरवली की भाडं अडकतं, आणि भाडं अडकलं की मालक भत्ता अडकवतो. एखादा स्टोअरवाला 'साहेब जेवायला गेलेत, उद्या सही घे' म्हणतो. उद्या तोच म्हणणार, दोन बॉक्स कमी होते. जेवण होईपर्यंत थांब, पण सहीशिवाय हलू नको.

हमालीचा मुद्दा आपल्याकडे जुना आहे. माल भरणं-उतरवणं कुणाचं, त्याची वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, कुणी द्यायची, यावरून गोदामात रोज वाद होतात. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटना कधीपासून म्हणतायत, ज्याचा माल त्याचा हमाल. बरोबरच आहे. पण उन्हात गाडी लावून उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ते वाक्य कामाचं नसतं. तू निघण्याआधी मालकाला विचार, तिथे हमाली किती आणि कोण देणार. स्वतःच्या खिशातून देऊन नंतर मागायची सवय लावून घेऊ नको. आणि 'तूच दोन हात लाव, लवकर मोकळा होशील' याला रोज हो म्हणत गेलास तर चाळिशीच्या आत कंबर जाते.

चालवण्याबद्दल थोडंच सांगतो, कारण ते लिहून शिकता येत नाही. लोकल ड्रायव्हरची परीक्षा रिव्हर्समध्ये होते. डॉकला गाडी लावताना उतरून मागे बघून येण्यात काही कमीपणा नाही. मी अजून उतरतो. डाव्या बाजूला, केबिनच्या अगदी लगत दुचाकीवाला दिसत नाही, आणि द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला तो नेमका तिथेच घुसतो. डावं वळण घेताना आरशात एकदा बघून भागत नाही, वळताना परत बघ.

लोकल म्हटलं तरी घाट सुटत नाही. पेठ रोडला सावळ घाट, मालेगावकडे राहूड, मुंबईकडे कसारा. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये तो चढ चढेल त्याच गिअरमध्ये तो उतार उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे, त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करणारे अजून आहेत. पिकअप किंवा चारशेसातला इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते, पॅडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. मोठ्या गाडीला हवेचा ब्रेक असतो, सकाळी हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. बऱ्याच नव्या बीएस-6 गाड्यांत युरियाची टाकी असते, ती रिकामी ठेवलीस तर गाडी ताकद सोडते. मालक डिझेल विचारतो, युरिया विसरतो. तो आठवण करून देणं तुझं काम.

माल बांधणं हा या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सुटे भाग आकाराने लहान पण वजनाने भारी असतात. सगळे बिन मागच्या टोकाला फाळक्याशी ठेवले तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडतं. हमाल त्याला सोपं पडेल तसं भरतो, कसं भरायचं ते तू उभं राहून सांग. आणि सळया. जानेवारी 2025 मध्ये द्वारकेच्या उड्डाणपुलावर सळया भरलेल्या ट्रकला मागून टेम्पो धडकला आणि टेम्पोत बसलेली किती पोरं गेली, ते नाशिककर विसरलेले नाहीत. बाहेर आलेली सळई रात्री मागच्याला दिसत नाही. बॉडीच्या बाहेर जाणारा माल मी घेत नाही, तूही पहिल्या दिवसापासून नाही म्हणायला शीक. त्याच घटनेतली दुसरी गोष्टही लक्षात ठेव: मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. लग्नाला, जत्रेला, देवाला, कुणी कितीही ओळखीचा असला तरी. थंडीत दिंडोरी-पालखेडकडे उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना चालतात, तिथे रात्री वेग कमीच ठेव.

ओव्हरलोडवर मालक लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही त्यांच्यातलाच. टोमॅटोच्या क्रेटात साधारण 20 किलो माल असतो. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये 70 क्रेट गेले की रिकाम्या क्रेटांचं वजन धरून गाडी भरली. शेतकरी म्हणतो शंभर लाव, एका खेपेत होईल. कायद्यात ओव्हरलोडला 20 हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2 हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. दंड मालक भरेल असं समजू. पण लायसन्स निलंबित होतं ते ड्रायव्हरचं, आणि ओव्हरलोड हे निलंबनाचं कारण आहे. तीन महिने तुझी रोजी बंद. फुटलेला टायर, तुटलेला पाटा, न लागलेला ब्रेक, यातही पुढच्या सीटवर तूच. भरताना मोबाईलवर फोटो काढ आणि मालकाला स्पष्ट सांग. चांगला मालक कुरकुरतो आणि ऐकतो. दुसऱ्यांदाही न ऐकणारा असेल तर ती नोकरी सोड, नाशिकात ड्रायव्हरला कामाची वाण नाही.

अपघाताबद्दल एक परिच्छेद लिहावाच लागेल. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून संप झाला, पानेवाडीचे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या, ते तुला आठवत असेल. दहा वर्षांच्या शिक्षेचं ते भारतीय न्याय संहितेचं कलम 106(2). जुलै 2024 मध्ये ही संहिता लागू झाली तेव्हा तेवढं बाजूला ठेवलं गेलं. तरी जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आधीपासून आहेच. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती कायदाही करत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, 112 ला फोन कर. पळून घरी जाणारा मात्र स्वतःच्या विरोधात पुरावा उभा करतो. गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी चालू आहे का, हे चावी हातात घेण्याआधी बघायचं ते यासाठीच.

पैशाचं बोलू. पगार गाडीच्या आकारावर, मालावर आणि मालकाच्या दानतीवर ठरतो, म्हणून आकड्याऐवजी बोली नीट कर. महिन्याचा पगार की ट्रिपवर? रोजचा भत्ता वेगळा की पगारातच? गेटवर दिवस गेला आणि ट्रिप झालीच नाही तर काय? कारखान्याच्या दिवाळीच्या सुट्टीत पगार मिळतो का? टोल फास्टॅगमधून जातो, पण चलान आलं तर कुणाचं? याला माझा नियम असा की सिग्नल, मोबाईल, सीटबेल्ट ही चुकी ड्रायव्हरची, कागद आणि वजन मालकाचं. फुटलेल्या मालाचे पैसे पगारातून कापतात का, हेही विचार. नव्या ड्रायव्हरला महिनाभर काम करून शेवटी कळतं की अर्धा पगार नुकसानीत गेला.

अजून एक, जे तुझ्या डोक्यात आलं नसेल. सध्या ठेकेदार तुझे ईएसआयसीचे (कामगार विमा योजनेचे) पैसे भरत असेल, तर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही सातपूरच्या ईएसआयसी रुग्णालयात उपचार मिळतात. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे ना ईएसआयसी असते ना पीएफ. दोन हजार जास्त मिळाले म्हणून उडी मारलीस आणि घरात कुणी आजारी पडलं, तर तो जास्तीचा पगार एका आठवड्यात संपेल. म्हणून कंपनीला गाड्या पुरवणारा मोठा ट्रान्सपोर्टर मिळाला, जो हे पैसे भरतो, तर थोडा कमी पगारही परवडतो.

राहिला वडिलांचा पिकअपचा विचार. चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. आज गाडी घेतलीस तर हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि गिऱ्हाईक शोधायला लागतोस तेही त्याच महिन्यापासून. वडिलांच्या मनात असेल की आपल्याच आणि भाऊबंदांच्या बागेची द्राक्षं वाहू. पण शिवारसौद्यात, म्हणजे बागेतच ठरणाऱ्या सौद्यात, गाडी बहुतेक व्यापारीच आणतो, त्याचा नेहमीचा गाडीवाला ठरलेला असतो. हप्ते वर्षाला बारा. द्राक्षं आणि टोमॅटो धरून तुझे भरलेले महिने किती, ते वडिलांसोबत कागदावर मांड. त्यात विमा, टायर, सर्व्हिस आणि फिटनेस घाल. फिटनेस नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, त्यामुळे छोटा हत्ती त्या बाबतीत सोपा. पिकअपची काही मॉडेलं त्या रेषेच्या आत आहेत, काही थोडी बाहेर. विकणारा हे आपणहून सांगत नाही.

वर्षभर दुसऱ्याची गाडी चालवताना एक वही ठेव. कुठून कुठे, किती किलोमीटर, किती डिझेल, किती वेळ गेटवर, भाडं किती ते कळलं तर तेही. चारही हंगाम त्या वहीत आले की दोन गोष्टी समजतील: कोणता पुरवठादार पैसे वेळेवर देतो, आणि त्याला अजून एक गाडी हवी आहे का. ज्या दिवशी असा एखादा 'तू गाडी आण, महिन्याचं काम देतो' म्हणेल, आणि ते कागदावर देईल, त्या दिवशी वडिलांना घेऊन शोरूमला जा. तोपर्यंत जमीन तारण ठेवायची नाही.

म्हणजे क्रम असा: एजंटाला नाही सांग. आत्ताच्या लायसन्सवर एमआयडीसीच्या मालाची पिकअप किंवा चारशेसात शोध, आणि तुझ्याच कारखान्यात माल आणणाऱ्या ट्रान्सपोर्टरपासून सुरुवात कर. त्यांचे ड्रायव्हर रोज गेटवर उभे असतात, मालक कसा आहे ते त्यांच्याकडून चहावर कळेल. चार महिन्यांनी हेवीचं शिकाऊ काढ. गाडी घ्यायचा विचार वर्षानंतर. कुणी कामाची बोली दिली तर हो म्हणण्याआधी इथे लिही, त्यात काय विचारायचं राहिलंय ते बघून सांगतो.